पी.पी. नंबर

संस्थेचं पत्र आलं: पस्तीस वर्षं झाली,
माजी प्रशिक्षणार्थींचा मेळावा घेतोय,
सातव्या तुकडीची माहिती तुम्ही गोळा करा.
सोबत तक्ता. नाव, पत्ता, फोन,
सध्याचे नेतृत्वपद.
शेवटचा रकाना दोन बोटं रुंद.

कपाटावरची पत्र्याची पेटी उतरवली.
सायक्लोस्टाइलचा कागद, घड्यांवर विरलेला,
तेवीस नावं,
निम्म्यांपुढे पी.पी.
म्हणजे फोन शेजारच्या किराणावाल्याचा,
म्हणजे "जरा पारूबाईंना हाक मारता का?"
मग रिसीव्हर फळीवर ठेवल्याचा ठक्
आणि बराच वेळ कानात
नुसती आंबिल ओढ्याची गल्ली,
कुकरची शिट्टी, कुणाचं तरी भांडण,
आणि लांबून येणाऱ्या तिच्या चपला.

नाना पेठेतल्या त्या हॉलमध्ये
बारा रविवार बसलो आम्ही.
मंजिरीताईंनी फळ्यावर लिहिलं, नेता म्हणजे कोण?
हनीफ बागवान म्हणाला,
ज्याची गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही तो.
ताईंनी तेही लिहून घेतलं.

शेवटच्या रविवारी सुतळीचा गुंडा.
नाव घ्या, त्याच्याकडे फेका, आपला धागा सोडू नका.
पाच मिनिटांत आमच्यामध्ये हे एवढं जाळं.
आता एकानेच ओढा, ताई म्हणाल्या.
यलप्पा कुसाळकरने ओढलं, दगड फोडणारा हात,
आणि समोर माझी करंगळी कापली.
पुढे तो गुंता कुणाला सुटेना.
यलप्पाने तसाच पिशवीत कोंबला,
वडारवाडीला नेला, छपराची ताडपत्री बांधायला.

आता एकेक नंबर फिरवते.
आकड्यांपुढे मध्येच कधीतरी दोन लागला,
मग ते फोनच गेले, किराणावालेही गेले.
एकाला विचारून दुसरा, दुसऱ्याच्या मेव्हण्याकडून तिसरा.
नऊ जण सापडलेच नाहीत.

हनीफ नगरसेवकपदाला उभा होता.
एकशे चाळीस मतं, म्हणतो,
त्यातली वीस तरी आपल्या तुकडीची.
आमचे सगळ्यांचे वॉर्ड वेगळे होते.
मी काही बोलले नाही.

सिसिलिया ससूनच्या फाटकाबाहेर
लोकांचे अर्ज भरून देते.
तेव्हाही द्यायची. चष्मा तेवढा बदलला.
पद विचारलं तर म्हणाली, थांब हं, एकाचा अंगठा घेतेय,
आणि फोन कापला.

पारूबाईंची ओढ्याकाठची खोली पाडली.
हडपसरला आठव्या मजल्यावर दिलीय,
तिथून हाक मारली तर खाली पोचत नाही.
लिफ्ट महिनाभर बंद होती.
"मग मी जिन्यात जाऊन बसले.
येणारा-जाणारा दम खायला थांबायचाच,
मग नाव विचारायचं, कितवा मजला, घरात म्हातारं कोण.
अकराव्या दिवशी चाळीस जणी ऑफिसात गेलो."
पारूबाई, पद काय लिहू?
"जिना लिही," म्हणाली, आणि खोकेपर्यंत हसली.

यलप्पाच्या नंबरावर त्याचा मुलगा.
आबा गेले, करोनात.
कोण बोलताय?
मी तुकडीचं नाव सांगितलं, संस्थेचं सांगितलं,
त्याला काही लागेना.
मग एकदम म्हणाला, ते सुतळीवाले का?
हो, म्हटलं. तेच.

थोडा वेळ पलीकडे नुसती गल्ली.
मग बिचकत त्याने विचारलं,
मावशी, आमच्याकडे ड्रेनेज तुंबलंय, दीड महिना झाला,
अर्ज कसा करायचा असतो?

तक्ता शनिवारी द्यायचाय,
शेवटचा रकाना अजून कोराच आहे.
त्याला म्हटलं, पेन घे,
सिसिलियाचा नंबर लिही.
पी.पी. नाही,
थेट तिचाच.